ट्रेसरने डोकं चालवायचं नाही

ट्रेसर म्हणजे कोण, हे मला माझ्या मुलीला धड सांगता आलं नाही.

इथे कुवेतला, सलवातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती आम्हा दोघांच्या पासपोर्टचे अर्ज भरत होती. दोघांचे पासपोर्ट एकदमच काढलेले, त्यामुळे मुदतही एकदमच संपत आलेली. वडिलांच्या नावापुढे तिने न विचारता इंजिनियर टाकलं. माझ्यापाशी येऊन अडली. मी पूर्वी कुठेतरी नोकरी करायचे एवढं तिला ठाऊक होतं. काय करायचे, ते तिने कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगायला गेले नव्हते. मी म्हटलं, ट्रेसर. तिने यादी वरखाली केली. त्यात टेलर होता, टीचर होता, ट्रेडर होता, ट्रेसर काही नव्हता. मग तिने इंग्रजीत विचारलं, ते काय असतं, हरवलेली माणसं शोधतात का? कुवेतमध्ये जन्मलेली पोर, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. मी म्हटलं, हो ना, तुझ्या बापाला असंच शोधून काढलं मी. ती हसली आणि हाऊसवाइफवर बोट ठेवून मोकळी झाली.

मला राग आला. पण तो काढायला वेळच मिळाला नाही, कारण वडिलांच्या अर्जात पुढचा प्रश्न आला होता. अर्जदार सही करू शकतो का? करू शकत नसेल, तर डाव्या हाताचा अंगठा.

हे, म्हणजे माझा नवरा, तिथेच खिडकीपाशी बसले होते, उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवून. उन्हाळ्याच्या तोंडाला यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, आता काठी घेऊन चालतात. बोलणं जड झालं होतं, तेही बरंच सुधारलं. हात तेवढा आला नाही. मुलीने तो प्रश्न मोठ्याने वाचला नव्हता, पण ती का थांबली हे यांनी ओळखलं आणि विचारलं. तिला सांगावं लागलं.

"सही करणार," हे म्हणाले. "अंगठा नाही."

पासपोर्टशिवाय इकामा नाही आणि इकाम्याशिवाय या देशात राहणं नाही, हे इथल्या कुणालाच नव्याने सांगावं लागत नाही. अंगठा देऊनही पासपोर्ट मिळालाच असता, सरकारचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते यांचं. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत जी पाइपलाइन टाकली जायची, तिच्या नकाशावर यांची सही असल्याशिवाय वेल्डर हात लावत नसे. घरी मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानासुद्धा आधी पेन झटकून बघायचे. असा माणूस, आणि त्याच्या फोटोखाली अंगठा. मला तर ते चित्र डोळ्यांपुढेच नको होतं. म्हणून मी मुलीला म्हटलं, करतील म्हणून लिही. त्यांचा हात मी तयार करते.

एवढी छाती ठोकून बोलले ती कशाच्या जोरावर, ते सांगायचं तर ट्रेसर म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. मुलीला नाही तर नाही, निदान कागदाला तरी सांगते.

ज्या काळी यंत्रात कागद घातला की नक्कल बाहेर पडत नव्हती, तेव्हा नकाशा एकच असायचा, ड्राफ्ट्समनने जाड कागदावर पेन्सिलीने काढलेला. आणि तो लागायचा मात्र सगळ्यांना. कारखान्यात, गोदीत, पुलाच्या कामावर, जो तो त्याच्यासाठी अडून बसलेला. मग त्या कागदावर आरपार दिसणारं खळीचं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची. त्या कापडावरून पुढे हव्या तेवढ्या निळ्या प्रती छापता यायच्या. हे उतरवून काढणारं माणूस म्हणजे ट्रेसर. इंग्लंडात आधी शिकाऊ पोरं ते करायची. मग मालकांच्या लक्षात आलं की मुली जास्त स्वच्छ करतात, निमूट करतात आणि पगारही कमी घेतात. झालं, जहाजं बांधणाऱ्या गावांमधून खोल्याच्या खोल्या मुलींनी भरल्या. त्यांची खोली वेगळी, यायचं-जायचं दार वेगळं, देखरेखीला एक कडक बाई. स्वतः ड्राफ्ट्समन व्हायची वाट बहुतेकींना बंदच. त्या कापडावर घामाचा थेंब पडला तरी डाग पडायचा. वाया गेलेले तुकडे मुली घरी न्यायच्या, उकळून खळ काढायच्या, की आत तलम सुती कापड. त्याचे रुमाल शिवायच्या. हे सगळं मला नाशिकला आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं. त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण रुमालाचं सांगताना त्या दर वर्षी हसायच्या असं वरच्या वर्गातल्या मुली म्हणत.

साहेब आला तेव्हा शब्दही घेऊन आला. साहेब गेला, शब्द मुक्कामाला राहिला. बांधकाम खातं, पाटबंधारे, रेल्वे, जिथे तिथे ट्रेसरची जागा असायची, ड्राफ्ट्समनच्या एक पायरी खाली. सरकारने त्याला मराठी नाव दिलं, अनुरेखक. आधी रेघ काढतो तो आरेखक, त्याच्या मागून जाते ती मी, अनुरेखक. पाटबंधारे खात्यात लागले तेव्हा माझ्या आईला हे नाव इतकं आवडलं की शेजारणींना सांगताना दोनदा अडखळायची पण तेच सांगायची. कुणीतरी विचारलं, म्हणजे करते काय? आई म्हणाली, सरकारी नकाशे तिच्या हातचे असतात. तसं पाहिलं तर खरंच होतं.

कामाची रीत होती. आधी गोल आणि वळणं, मग सरळ रेघा, कारण वळणाला सरळ रेघ जोडता येते, रेघेला वळण जोडायला गेलं की सांधा दिसतो. वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे जायचं, म्हणजे ओल्या शाईवर हात फिरत नाही. अक्षरं शेवटी. चुकलं तर अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडायचं, कापड न फाडता. आणि एखादा भाग फारच गुंतागुंतीचा असला तर सगळा बोर्ड उलटा फिरवायचा, डोकं खाली पाय वर. सुलटं असलं की डोळा वाचायला लागतो, आपल्याला कळतंय असं वाटतं आणि हात मनचं काढतो. उलटं केलं की अर्थ जातो आणि नुसती रेघ उरते. बाई सारख्या म्हणायच्या, ट्रेसरने डोकं चालवायचं नाही. खाली जे आहे तेच वर आलं पाहिजे, केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. मी त्यात हुशार होते. डोकं न चालवण्यात पहिली आले, असं हे मला पुढे आयुष्यभर चिडवायचे.

लग्न होऊन इथे आले तेव्हा आखाती युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. कुठले नकाशे जळालेले, कुठले हरवलेले, कुठले भिजून चिकटलेले, आणि कामं तर पुन्हा उभी करायची. यांच्याच कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसला हात हवे होते. मी अर्ज केला, लागले. कापडाचे दिवस तेव्हा गेले होते, प्लास्टिकसारखी फिल्म आली होती, पण काम तेच. हे तिथे चेकर होते. माझ्या टेबलावरून उतरलेला नकाशा यांच्या टेबलावर जायचा. चेकरचं काम म्हणजे बरोबर असलेल्या प्रत्येक रेघेवरून पिवळी पेन्सिल फिरवायची आणि चुकलेलीवर लाल. एकही रेघ कोरी सोडायची नाही. लाल दिसलं की नकाशा परत. बायकोचा आहे म्हणून यांनी कधी एक लाल खूण कमी केली नाही, उलट दोन जास्तच करत असतील. मी घरी येऊन भांडायचे. हे जेवता जेवता म्हणायचे, घरी तू चेकर, ऑफिसात मी.

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, चौकटी असायच्या. कुणी काढला, कुणी उतरवला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला. उतरवणाऱ्याची चौकट सगळ्यात बारकी, तिच्यात नावाची नुसती आद्याक्षरं मावायची. तिच्या शेजारीच यांची सही. पहिलं अक्षर मोठं, त्याच्या पोटातून आडनाव निघायचं, आणि शेवटी खालून मागे जाणारी लांब रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ती रेघ नेहमी माझ्या चौकटीत घुसायची. मी म्हणायचे, अहो, जरा आपल्या हद्दीत राहा. ऐकलं नाही कधी.

मग कॉम्प्युटर आला. ड्राफ्ट्समनच थेट पडद्यावर काढायला लागला आणि यंत्रातून हव्या तेवढ्या प्रती निघायला लागल्या. मागून जायला कुणी लागेनासं झालं. आमची बारकी चौकट एके दिवशी नकाशातून गेलीच, तिच्या जागी फाइलचा नंबर आला. कुणी काढून टाकलं, कुणी वाईट वागलं असं काही झालं नाही. काम संपलं म्हणून मी घरी बसले. मुलगी पोटात होती, त्यामुळे मला रडायचं कारणही मिळालं नाही. आता वाटतं, तेव्हा थोडं रडून घ्यायला हवं होतं.

तर असा माझा शिकलेला हात होता आणि त्याच्या जोरावर मी बोलले होते.

यांना व्यायाम द्यायला हॉस्पिटलातून एक फिजिओथेरपिस्ट घरी यायचा. लातूरकडचा मुलगा, मला काकू म्हणायचा, यांना सर. मनाने फार चांगला. सहीचं त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "काकू, जुनी सही सोडून द्या. डाव्या हाताला त्याची स्वतःची सही करू द्या, वाकडी का होईना. रोज एकच केली की तीच त्यांची सही." नवी सही लावून घेता येते, त्याचं एक डिक्लरेशन असतं, हेही त्याला माहीत होतं.

मला ते अजिबात पटलं नाही. उगाच नाही, मनापासून पटलं नाही. म्हणजे काय, इतक्या वर्षांची सही, ती सोडून कोंबडीच्या पायांचं काहीतरी काढायचं? मी यांच्याकडे बघितलं. यांच्याही कपाळावर आठी होती. चेकरला वाकडी रेघ चालेल का? मी त्या मुलाला चहा दिला, हो हो म्हटलं आणि तो गेल्यावर जुनी पेटी उघडली.

पेटीत माझ्याकडे थोडा ट्रेसिंग पेपर होता, कडेने पिवळा पडलेला. यांची एक चांगली, ठसठशीत सही एका जुन्या नकाशावर सापडली. मी ती मोठी करून आणली बकाल्याशेजारच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून. टेबलाला चिकटपट्टीने लावली, वर ट्रेसिंग पेपर लावला आणि सगळं उलटं फिरवलं. यांना म्हटलं, आता ही तुमची सही नाही. नुसत्या रेघा आहेत. वाचायचं नाही, नुसतं मागून जायचं. हे म्हणाले, म्हणजे डोकं चालवायचं नाही. मी म्हटलं, बरोबर, जन्मात एकदा जमवून बघा.

खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे गेले. मुलगी बँकेत कामाला जायची, बाहेर ऊन रणरणत असायचं, आत एसी घरघरत असायचा आणि आम्ही दोघं टेबलाशी. डाव्या हातात पेन्सिल धरायला त्यांना सुरुवातीला मुठीतच धरावी लागायची. मी बोटं बसवून द्यायचे. आधी वळणं. मोठ्या अक्षराचं पोट. मग आडनावाचे डोंगर, उलटे म्हणजे दऱ्या. रेघ काढताना श्वास सोडायचा, घ्यायचा नाही, हेही शिकवलं. हे चिडायचे, पेन्सिल फेकायचे, मी उचलून आणायचे. मग एकदा मी उतरवून दाखवायचे, एकदा ते. माझा हात किती वर्षांनी चालला! शाईचं पेन धरलं तेव्हा पहिली रेघ जाड आली, मग त्याला आठवलं. यांची सही मी अशी उतरवायचे की खालची कुठली, वरची कुठली कळू नये. हे बघत राहायचे. एकदा म्हणाले, हात अजून आहे हो तुझा. ते वाक्य मी आत जाऊन पुन्हा पुन्हा मनात म्हटलं. ऑफिसात असताना असं कधी म्हणाले नव्हते.

पावसाळा इथे नसतो, तेव्हा दिवस कसे गेले ते झाडापानांवरून कळत नाही. उन्हाची धग थोडी कमी झाली तोवर यांचा हात बसला. आधी ट्रेसिंग पेपरवर, मग खालची सही काढून घेऊन कोऱ्या कागदावर. कागद उलटा ठेवायचा, शेवटच्या रेघेपासून सुरुवात करायची आणि मागे मागे येत पहिल्या अक्षरावर संपवायचं. मग कागद सुलटा केला की सही. तीच. पोट, डोंगर, मागे जाणारी लांब रेघ, दोन टिंबं. पहिल्यांदा नीट जमली तेव्हा यांनी मुलीची पिवळी पेन्सिल मागून घेतली आणि तिच्यावरून फिरवली, सगळीवर. लाल लागलंच नाही. मुलीने फोटो काढला. लातूरचा मुलगा आला तेव्हा त्यालाही मोठ्या दिमाखात दाखवली. तो खूष झाला, पण जाताना दाराशी मला हळूच म्हणाला, काकू, सुलट्या कागदावर पण करून घ्या ना थोडी. मी म्हटलं, करू करू. सुलटं ठेवलं की हात भरकटतो हे मी बघितलं होतं. पण अर्ज कागदाचा असतो, फिरवायला काय लागतं, असं माझं म्हणणं. इतकी वर्षं मी बोर्ड फिरवत आले होते. फिरवता येत नाही अशी सही करायची जागा जगात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ठरल्या दिवशी मुलीने बँकेतून रजा काढली आणि आम्हाला पासपोर्टच्या केंद्रावर नेलं. यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन. डाव्या हाताने दाढीसुद्धा स्वतः केली होती. नंबर आला. काउंटरवर एक केरळची मुलगी होती, गोड बोलणारी. तिने कागद बघितले, फोटो बघितला आणि मग काचेच्या फटीतून समोर बोट दाखवलं, अंकल, सही इथे.

कागद नव्हताच. काउंटरवर काचेची छोटी पाटी होती, तिच्यावर प्लास्टिकची लेखणी. त्या पाटीवर केलेली सही थेट पासपोर्टात छापतात म्हणे. पाटी जराशी तिरपी, आणि चारी कोपऱ्यांना स्क्रू.

यांनी लेखणी उचलली नाही. पाटीच्या कडेला बोटं लावली आणि फिरवून बघितली. ती कशाला हलतेय. मग माझ्याकडे बघितलं. मी त्या मुलीला हिंदीत सांगायला लागले, की यांना उलटी करावी लागते सही, जरा पाटी फिरवून द्या. तिला कळेना. मी परत सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, ही फिक्स आहे. मी म्हटलं, मग यांना तुमच्या बाजूला येऊ द्या, त्या बाजूने उलटीच होईल. ती म्हणाली, आत कुणाला सोडत नाही. माझा आवाज चढला. मागे रांग होती, लोक बघायला लागले. मुलगी माझा दंड धरून आई, आई करत होती. मी थांबले नसते, पण हेच म्हणाले, राहू दे, करतो.

आणि यांनी सुलटी करायला घेतली. पहिलं अक्षर. तिथेच हात अडला, कारण त्या हाताला ते अक्षर शेवटचं म्हणून माहीत होतं. मग तो वर गेला, खाली आला, कुठेतरी घसरला. समोरच्या पडद्यावर ती मोठी होऊन दिसत होती. पोट नव्हतं, डोंगर नव्हते, एक वाकडीतिकडी रेघ होती आणि ती चौकटीबाहेर गेली होती. काउंटरवरच्या मुलीने ती पुसून पुन्हा करायला सांगितली. पुन्हा तेच. तिला दया आली असावी. ती म्हणाली, चलेगा अंकल, कोई बात नहीं, सही बदलली म्हणून एक डिक्लरेशन देते, त्यावर होऊन जाईल. माझी मुलगीही इंग्रजीत म्हणाली, बाबा, इट्स फाइन, कुणी बघत नाही. मीही म्हटलं, चालेल हो. माझ्या तोंडून चालेल निघालं, ते ऐकून माझं मलाच नवल वाटलं. हेच त्या लातूरच्या मुलाने म्हटलं होतं तेव्हा मी चहा देऊन त्याला वाटेला लावलं होतं.

हे पडद्याकडे बघत होते. डोळे बारीक करून, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, नकाशा बघायचे तसे. मागच्या रांगेतला कुणीतरी खाकरला. यांनी लेखणी खाली ठेवली.

"ही माझी सही नाही," हे म्हणाले. "अंगठा घ्या."

मी अहो म्हटलं, मुलीने बाबा म्हटलं, त्या काउंटरवरच्या पोरीनेसुद्धा पुन्हा विचारलं. नाही म्हणजे नाही. पाटीशेजारी अंगठ्याचं यंत्र होतं. पुरुषांचा डावा अंगठा घेतात. उजवा घेत असते तर निदान मेलेल्या हाताचा गेला असता. इतके दिवस जो हात आम्ही दोघांनी मिळून तयार केला होता, त्याचाच अंगठा यांनी त्या काचेवर ठेवला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, थोडा जोरात दाबा. यांनी दाबला.

घरी आल्यावर यांनी शर्ट बदलला, जेवले, झोपले. टेबलावर ट्रेसिंग पेपर तसाच चिकटवलेला होता. मी तो सोडवला, पण टाकवेना, म्हणून गुंडाळून पेटीत ठेवला.

मला तेव्हापासून एकच गोष्ट कुरतडते. तो लातूरचा मुलगा सांगत होता, वाकडी का होईना, त्यांची असू द्या. ती रोज घटवली असती तर आज यांच्याकडे एक सही असती. वाकडी, डाव्या हाताची, पण सुलटी, आणि कुठल्याही पाटीवर येणारी. मी काय केलं, तर यांना हुबेहूब यांची नक्कल करायला शिकवलं. मला दुसरं येतच नव्हतं. खाली जे आहे तेच वर आलं पाहिजे, केसभर इकडे नाही. पण खालचा माणूसच बदलला होता आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. आणि यांनाही तेच हवं होतं, हे खरं असलं तरी त्याने मला बरं वाटत नाही. हे आजारी होते, मी नव्हते.

पासपोर्ट आले. माझ्यात माझी सही. यांचा मी उघडून बघितला आणि मिटून कपाटात ठेवला. यांनी मागितला नाही.

परवा तो लातूरचा मुलगा पुन्हा आला. केंद्रावर काय झालं ते त्याला फोनवर कळलं होतं, तरी त्याने विषय काढला नाही. व्यायाम झाल्यावर त्याने एक कोरी वही आणि पेन्सिल यांच्यापुढे ठेवली. म्हणाला, सर, काहीही काढा, कसंही, डाव्या हाताला सवय राहायला हवी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मनात म्हटलं, काढा हो, कसलंही काढा, मी एक शब्द बोलणार नाही.

यांनी पेन्सिल उचलली. थोडा वेळ हातात धरली. मग टेबलाच्या कडेने माझ्या बाजूला सरकवली.

"हिला द्या," हे त्याला म्हणाले. "माझी सही हिला येते."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले तरी असते.